दर तीन वर्षांनी दार वाजतं



बाडहूव्हडॉर्पला आमच्या गल्लीच्या टोकाला एक डच आजी राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत. मूळच्या ॲमस्टरडॅमच्या, यजमान गेल्यावर लेकीच्या जवळ म्हणून इकडे आल्या. बटाट्याचं साल इतकं पातळ काढतात की आपल्याकडची खट सासूसुद्धा मान डोलावेल. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दारात बॅग घेतलेली एक बाई उभी दिसली. मला वाटलं, विम्याची नाहीतर वर्गणीची असणार. दुसऱ्या दिवशी कॉफीला बोलावलं तेव्हा आजींनी खुलासा केला. म्हणाल्या, "अगं, ती लासाची. दर तीन वर्षांनी माझ्याकडे कोणीतरी येतं. मुठीची ताकद बघतात, खोलीत चालायला लावतात, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठवतात. मग पंधरा शब्द ऐकवतात आणि वीस मिनिटांनी विचारतात, किती राहिले लक्षात? आधी यायच्या त्या बाई निवृत्त झाल्या. मी अजून आहे!"

हे मी विसरूनही गेले असते. पण मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका काकूंचा फोन आला. काका १९७४ साली इंजिनिअर म्हणून इथे आले, आयुष्यभर डच लोकांत नोकरी केली. आता गोष्टी विसरतात म्हणून त्यांना एका दवाखान्यात तपासणीला नेलं होतं. सगळे प्रश्न डचमध्ये. काका गप्प बसून राहिले, आणि कागदावर फार कमी गुण पडले. घरी आल्यावर मात्र त्यांनी सातारा जिल्ह्याचे सगळे तालुके ओळीने म्हणून दाखवले. काकूंनी मला एकच प्रश्न विचारला. "अगं, यांची आठवण चाललीय की डच चाललंय?"

त्या प्रश्नापायी मी वाचायला बसले. जे सापडलं ते आपल्या अंकातून सर्वांना सांगावं, म्हणून हा लेख.

आधी गावाबद्दल दोन शब्द. आपण राहतो ती जमीन समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली आहे. इथे हार्लेमरमेअर नावाचा मोठा तलाव होता. तीन वाफेच्या पंपांनी तो उपसून १८५२ साली कोरडा केला. त्यातला एक पंप आपल्या शेजारच्या लाइंडनला होता. मग आमर्सफोर्ट नावाच्या गृहस्थांनी इथे 'डे बाडहूव्हे' ही शेतवाडी उभारली, तिच्यावरून गावाचं नाव पडलं. पाण्याची पातळी रोज मोजून वहीत मांडली नाही तर घर बुडेल, अशा जमिनीवर हे लोक पिढ्यान्पिढ्या राहिले. मोजून ठेवायची आणि वही जपायची सवय त्यांच्या अंगी मुरली आहे. त्याच सवयीने त्यांनी पुढे म्हातारपण मोजायला घेतलं.

लासा म्हणजे ॲमस्टरडॅमचा वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. आपल्या गावातून सायकलवर अर्ध्या तासात गाठता येईल अशा फ्राये विद्यापीठात, ज्याला इथे सगळे 'व्हीयू' म्हणतात, तो १९९१ साली सुरू झाला. पैसे सरकारच्या आरोग्य खात्याचे. सरकारला चिंता होती की म्हाताऱ्यांची संख्या वाढणार, तर त्यांना काय लागेल? ॲमस्टरडॅम, झ्वोले आणि ऑस या तीन शहरांच्या परिसरातून ५५ ते ८५ वयाची ३१०७ माणसं निवडली. शहरी, कर्मठ प्रोटेस्टंट वळणाची आणि कॅथलिक, अशी तीन तऱ्हेची वस्ती त्यात आली. १९९२-९३ मध्ये पहिली फेरी झाली. डॉर्ली डेग या बाईंनी पुढची कित्येक वर्षं या कामाची धुरा वाहिली. शरीर, बुद्धी, मन आणि माणसाचा गोतावळा अशी चारही अंगं एकत्र बघायची, असं सुरुवातीपासून ठरलं होतं.

आता कोणी विचारेल, दर तीन वर्षांनी त्याच माणसाकडे का जायचं? एकदाच साठीची शंभर आणि ऐंशीची शंभर माणसं गोळा करून तुलना केली तर नाही का चालणार? नाही चालणार. ऐंशीच्या माणसाला कमी शब्द आठवले, तर ते वयामुळे की त्याच्या काळी शाळाच चार इयत्तांची होती म्हणून? एकदाच बघून हे सांगता येत नाही. त्याच माणसाचे साठीतले, सत्तरीतले आणि ऐंशीतले आकडे शेजारी शेजारी मांडले, तरच त्याची स्वतःची उतरण दिसते. आपल्या आया दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची लिहून ठेवायच्या. हा प्रकार तसाच, फक्त उतरत्या वयाचा.

यात अडचणीही पुष्कळ. दर फेरीला काही माणसं गेलेली असतात, काही थकलेली. जी उरतात ती मुळातच धडधाकट. फक्त त्यांचाच हिशोब धरला तर म्हातारपण आहे त्यापेक्षा गोड दिसू लागेल. म्हणून लासाची माणसं थकलेल्यांशी फोनवर थोडक्यात बोलतात, तेही जमत नसेल तर घरच्यांना विचारतात. शिवाय काळ बदलतो म्हणून २००२-०३ साली आणि पुन्हा २०१२-१३ साली ५५ ते ६५ वयाच्या हजार-हजार नव्या माणसांची भर घातली. अशाने आजची साठी आणि तीस वर्षांपूर्वीची साठी यांची तुलना करता येते. एक निष्कर्ष तर मला अनपेक्षित होता. हल्लीचे म्हातारे जास्त एकाकी असतात असं आपण सर्रास म्हणतो. लासाच्या २०१९ सालच्या निष्कर्षानुसार नंतर जन्मलेल्या पिढ्या त्याच वयात उलट कमी एकाकी निघाल्या. आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या हातात आहे असं त्यांना जास्त वाटतं, हे त्याचं एक कारण सांगतात.

याच सुमारास, १९९० मध्ये, रॉटरडॅमच्या ओमोर्ड वस्तीत आल्बर्ट होफमन यांनी असाच दुसरा अभ्यास सुरू केला. पहिल्याच फेरीत ७९८३ माणसं, सगळी ५५ वर्षांवरची. २०१२ साली त्यातून एक दिलासा देणारी बातमी आली. २००० नंतरच्या गटात स्मृतिभ्रंशाचं नव्याने होणारं प्रमाण १९९० च्या गटापेक्षा कमी असावं, अशी चिन्हं दिसली. शिक्षण वाढलं, रक्तदाबावर आणि कोलेस्टेरॉलवर लोक वेळेत औषधं घेऊ लागले, यांचा त्यात वाटा असावा असं मानतात.

आणि हेंड्रिक्ये फान आंडेल-शिपर या बाईंची गोष्ट तर सांगायलाच हवी. जन्म १८९० चा. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी आपला देह ग्रोनिंगन विद्यापीठाला देऊ केला. वयाच्या १११ व्या वर्षी त्यांनाच काळजी वाटली की इतक्या जुन्या देहाचा आता काय उपयोग, म्हणून स्वतः चौकशी केली! मग तज्ज्ञांनी ११२ व्या आणि ११३ व्या वर्षी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. साठ-पंचाहत्तरीच्या लोकांच्या सरासरीपेक्षा त्या सरस निघाल्या. २००५ साली ११५ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा मेंदूत स्मृतिभ्रंशाच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. विसरणं म्हणजे वयाचा अटळ शाप नव्हे, एवढं त्या बाईंनी जाता जाता सांगितलं. दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं की त्या रोज एक हेरिंग मासा खा म्हणायच्या. शाकाहारी वाचकांनी मनावर घेऊ नये.

आता शेजारच्या आजींच्या बटाट्याकडे वळते.

सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमधल्या डच सरकारच्या हाकेवरून इथल्या रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम भागाकडे येणारं धान्य अडवलं. पुढे बंदी सैल केली तोवर कालवे गोठले. ॲमस्टरडॅममधला रोजचा शिधा नोव्हेंबरअखेर हजार कॅलरींच्या खाली गेला आणि १९४५ च्या सुरुवातीला पाचशेच्या आसपास आला. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं मेली. मे महिन्यात देश सुटला आणि अन्न एकदम पूर्ववत झालं. इथे याला 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

त्या काळातही दवाखान्यात जन्माची नोंद होत राहिली. ॲमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयाच्या त्या वह्या पुढे टिकल्या. नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ या काळातली २४१४ बाळं त्यांतून सापडली. दुष्काळाआधी जन्मलेली, दुष्काळात पोटात असलेली आणि दुष्काळानंतर पोटात राहिलेली, असे तीन गट आपोआप पडले.

पहिला प्रश्न बुद्धीचा होता. आई उपाशी, तर बाळाची बुद्धी कमी होते का? झेना स्टाइन आणि मर्विन सुसर या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर सैन्यभरतीच्या तपासणीतल्या सव्वा लाख तरुणांच्या नोंदी पाहिल्या. एकोणीस वर्षांच्या मुलांत काहीही फरक दिसला नाही. १९७२ साली तसं छापून आलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. रुग्णालयाच्या वहीतली बाळं पन्नाशीला आली तेव्हा त्यांना पुन्हा बोलावलं. १९९८ साली दिसलं की जी दुष्काळात पोटात होती त्यांच्या रक्तात साखर जास्त राहते. टेसा रोझेबोम यांनी हे काम पुढे नेलं. २०१० साली त्यांच्या सहकारी सुझान दे रोय यांनी सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या वयातल्या बुद्धीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. बाकी चाचण्यांत फरक नव्हता. एकीत होता. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि रंग सांगायचा असतो, म्हणजे नको ते बाजूला सारून हवं त्याकडे लक्ष द्यायचं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या, ती माणसं या चाचणीत मागे पडली. एकोणिसाव्या वर्षी जे दिसलं नाही ते साठीच्या उंबरठ्यावर दिसलं. १९७२ मध्ये वह्या बंद करून फेकल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

आता मंडळी, पुण्याला चला. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी इंग्लंडच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याच्याही आधीपासून तिचं वजन, खाणं, शेतातली मेहनत, सगळं लिहायचं. जवळजवळ आठशे गरोदर बायका यात आल्या. बाळं सरासरी २.७ किलोची झाली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. पण बारकाईने मोजल्यावर नवल दिसलं. पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोट लहान, आणि चरबी मात्र जवळजवळ राखलेली. वरून रोड, आतून चरबीदार. याज्ञिकांनी पुढे २००४ साली स्वतःचं आणि लंडनच्या प्राध्यापक यडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचं उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखं. अंगात चरबी मात्र यडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! "मी कुठे जाडा आहे?" असं म्हणून साखर तपासायला टाळाटाळ करणाऱ्या यजमानांना हे छायाचित्र दाखवावं.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व बी-१२ ची. त्या खेड्यांतल्या दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ते कमी होतं, कारण दूध बेताचं आणि मांसमच्छी क्वचित. २००८ साली नऊ वर्षांच्या मुलांची बुद्धी तपासली. ज्यांच्या आयांना बी-१२ फार कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्यात आणि आकडे ध्यानात ठेवण्यात थोडी मागे होती. ॲमस्टरडॅममध्ये भूक पाच-सहा महिन्यांची होती, पुण्याकडे उणीव पिढ्यान्पिढ्यांची आणि डोळ्यांना न दिसणारी. दोन्हीकडे फरक दिसला तो लक्ष देण्याच्या चाचण्यांत. योगायोग आहे की आणखी काही, हे मुलं साठीची होतील तेव्हा ठरेल. ती मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. वह्या उघड्या आहेत.

देशपातळीवर उशीर झाला, पण झालं. मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने वार्धक्याचा अखिल भारतीय अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार माणसांना त्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले. त्यातल्या काहींच्या स्मरणशक्तीची सखोल तपासणी करून २०२३ साली आकडा आला की भारतात साठीच्या पुढे दर शंभरात सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यासाठी चाचण्या आपल्या भाषांत आणि शाळा न पाहिलेल्यांनाही जमतील अशा कराव्या लागल्या. ज्या आजीने कधी पेन्सिल धरली नाही तिला घड्याळ काढायला सांगून काय उपयोग?

इथेच काकूंचा प्रश्न परत येतो.

मोजणाऱ्यांना सगळेच सुरुवातीला दिसतात असं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरचा प्रसिद्ध अभ्यास १९५८ साली सुरू झाला. त्यात वीस वर्षं फक्त पुरुष होते. म्हातारपण जणू बायकांना येतच नव्हतं! लासाच्याही १९९२ च्या यादीत जवळजवळ सगळे डच. साठ-सत्तरच्या दशकांत कारखान्यांसाठी आणलेले तुर्की आणि मोरोक्कन कामगार म्हातारे होऊ लागले तेव्हा, म्हणजे २०१३-१४ साली, त्यांचा वेगळा गट जोडला. आपल्या गावापासून जवळच असलेल्या स्लोटरव्हार्ट रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी एक वेगळी चाचणी तयार केली होती. तीत चित्रं आहेत, वाचता-लिहिता यावं लागत नाही, सूचना माणसाच्या भाषेत देता येतात. सुरीनामी हिंदुस्तानींसाठी सरनामीतही. ते रुग्णालय २०१८ साली बंद पडलं, चाचणी राहिली. ॲमस्टरडॅममध्ये २०११ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात सुरीनामी हिंदुस्तानी आहेत, आणि त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण डच लोकांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. ते आपलेच रक्ताचे दूरचे भाऊबंद. आपण मराठी माणसं मात्र या याद्यांत गट म्हणून कुठेच नाही. संख्येने थोडे, आणि आत्ताआत्तापर्यंत बहुतेक तरुण.

पण तरुण राहणार थोडेच? काका हे आपल्यातले पहिले. त्यांच्या मागे आपण आहोत.

काकूंना मी एवढंच सांगितलं की, तपासणी पुन्हा करा आणि दुभाषी मागा. लेक चालणार नाही, कारण लेक न कळत बापाला उत्तर सुचवते. थोडे हेलपाटे पडले, पण मराठी बोलणारी एक बाई मिळाली. एका मिनिटात जमतील तितकी प्राण्यांची नावं सांगा, असा एक प्रश्न असतो. डचमध्ये काकांना सहा आली होती. मराठीत चौदा आली, त्यात खवल्या मांजरही होतं. मात्र दहा मिनिटांपूर्वी ऐकलेले शब्द त्यांना मराठीतही आठवले नाहीत. म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं निघालं. डच जातंय, आणि आठवणही थोडी जातेय. पण पहिल्या कागदाने म्हटलं होतं तितकी नव्हे. काका घरीच राहतात, शनिवारी आपल्या कार्यक्रमांना येतात. त्यांच्याशी मराठीत बोला. 'मला ओळखलंत का?' असं मात्र विचारू नका, स्वतःचं नाव सांगून सुरुवात करा.

शेवटी, वाचलेल्यातून आपल्या उपयोगाचं थोडंसं.

एक, लासानेच २००३ साली दाखवलं की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असतं त्या वृद्धांच्या स्नायूंची ताकद जास्त घटते. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही. डच आरोग्य परिषद सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांना रोज १० मायक्रोग्रॅम आणि सत्तरीनंतर सर्वांनाच २० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. दोन, शाकाहारी घरांनी बी-१२ विषयी आपल्या हाउसआर्टला जरूर विचारावं, गरोदर लेकी-सुनांनी तर आवर्जून. तीन, ॲमस्टरडॅमच्याच आणखी एका अभ्यासात दोन हजारांवर वृद्ध होते. त्यात एकटं राहणाऱ्यांपेक्षा ज्यांना एकाकी वाटतं त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. घरात सून-नातवंडं असूनही माणूस एकाकी असू शकतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आणि चौथं माझं स्वतःचं. प्रत्येक घराने एक वही करावी. आई-वडिलांचं जन्मवर्ष, जन्मगाव, शाळा किती, साखर कधी लागली, रक्तदाब कधी, कोणती भाषा कधी शिकले, विसरणं कधी सुरू झालं. मुलांचं जन्माचं वजनही. भारतातून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतात तेव्हा एखाद्या पावसाळी दुपारी बसून लिहून घ्यावं. डॉक्टर विचारतो तेव्हा आपल्याला काहीच सांगता येत नाही, आणि सांगू शकणारं माणूस तोवर विसरलेलं असतं. कधी दारी कोणी अशा अभ्यासासाठी आलंच, तर 'आम्ही परके, आमचं काय' म्हणून परत पाठवू नये. त्यांच्या वहीत आपली ओळ पडली तरच पुढच्या काकांना पहिल्याच वेळी योग्य प्रश्न विचारले जातील.

शेजारच्या आजींची पुढची फेरी जवळ आली आहे. त्या सकाळी पंधरा-पंधरा शब्दांचा सराव करतात. हे नियमात बसतं का, मी विचारलं नाही.



एक सभासद, बाडहूव्हडॉर्प